चाळीस वाफांचा चिमटा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास फसतो. माझ्या एका टोकाला दोन कड्या आहेत, म्हणून काहींना मी कात्री वाटतो. मधली नळी पेन्सिलीहून बारीक आणि हातभर लांब, म्हणून काहींना विणायची सुई वाटतो. दुसऱ्या टोकाचा बोटाच्या पेराएवढा जबडा दिसला की मग ते ओळखतात. मी चिमटा आहे, दुर्बिणीच्या ऑपरेशनचा. पोटावर दोन-तीन बारीक भोके पाडतात, एकातून कॅमेरा आत जातो आणि बाकीच्यांतून माझ्यासारखे चिमटे. मोठी चीर नाही, मोठे टाके नाहीत. आता माझे वय झाले आहे आणि मी कामातून गेलो आहे. पण मी एकटा कामातून गेलो असतो तर ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

माझ्या जन्माला एक बधिर अंगठा कारण झाला. तो होता एका डॉक्टरबाईंचा. डॉक्टरबाई अंगाने लहानखुऱ्या. ऑपरेशनच्या टेबलाशी त्या लाकडी पायरीवर उभ्या राहत, आणि त्यांचे हात एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत तेवढे. बाजारातले सगळे चिमटे मोठ्या पंजांसाठी घडवलेले. तीन तास ऑपरेशन चालले की डॉक्टरबाईंचा अंगठा लाकडासारखा होई. घरी गेल्यावर त्यांना साधे बटण लावता येत नसे. वैतागून त्यांनी अवजारे बनवणाऱ्या एका कारखान्याला पत्र लिहिले, आणि ते पत्र ताईच्या टेबलावर येऊन पडले.

ताई त्या कारखान्यात नव्या अवजारांची रचना करत असे. तिने लगेच कागद-पेन्सिल घेतली नाही. ती मऊ मातीचा एक गोळा घेऊन इस्पितळात गेली आणि तो डॉक्टरबाईंच्या हातात ठेवला.

"दाबा," ती म्हणाली.

"किती जोरात?"

"बाळाचं बोट धरता ना, तेवढंच."

डॉक्टरबाईंच्या बोटांचे ठसे त्या गोळ्यात उमटले, आणि त्याच ठशांवरून माझी मूठ झाली. कागदावर मी बाविसाव्या खेपेला नीट उतरलो. तोवर ताईची टोपली चुरगळलेल्या कागदांनी भरून वाहत होती.

मला प्रत्यक्ष घडवले ते मामांनी. ते ताईचे सख्खे मामा. खालच्या कार्यशाळेत धातू कातायचे त्यांचे लेथ यंत्र होते, आणि ताईमुळे सारा कारखाना, अगदी दारावरचा पहारेकरीसुद्धा, त्यांना मामाच म्हणे. आधीची वीस वर्षे त्यांनी शिवणयंत्रांचे सुटे भाग केले होते. त्यांची बोटे जाड होती, पण काम असे नाजूक करत की पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा. माझ्या जबड्याची बिजागरी ही ताईची खास युक्ती होती. बिजागरीच्या खिळीभोवती वेगळ्या धातूचे एक इवलेसे बुश, म्हणजे अंगठीसारखे कडे, बसवायचे, म्हणजे जबडा लोण्यासारखा फिरेल आणि आतड्यासारखी मऊ वस्तू चुरगळणार नाही. ते बुश मामांनी भिंगाखाली चार दिवस घासले. त्यांनी आमची जोडी केली. माझ्या मुठीवर एक ठिपका, माझ्या जुळ्या भावाच्या मुठीवर दोन.

आता कान देऊन ऐका, कारण पुढचे सगळे इथेच सुरू झाले.

माणसाच्या पोटात जाणारे अवजार प्रत्येक ऑपरेशनाआधी कडक वाफेत निर्जंतुक करावे लागते. म्हणून नवे अवजार इस्पितळात पाठवण्यापूर्वी त्याला चाळीस वेळा वाफ देऊन पाहायची असा नियम होता. वाफ द्यायची, गार होऊ द्यायचे, जबडा शंभर वेळा उघडमीट करायचा, आणि मग तक्त्यात एक ओळ भरायची. अशा चाळीस ओळी. या परीक्षेसाठी माझ्या भावाची निवड झाली. मी शेजारच्या ट्रेमध्ये पडून पाहत होतो.

अकरा वाफा उत्तम झाल्या. मग वाफेच्या यंत्राच्या दाराचे रबर फाटले. नवे रबर यायला तीन आठवडे लागणार होते, आणि चिमटा चार दिवसांत इस्पितळात द्यायचे कबूल केलेले. ताई साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. ते स्वतःच खोलीत आले.

"अकरा झाल्या ना?" त्यांनी विचारले. "जबडा कसा चालतोय?"

"झकास चालतोय. पण अजून एकोणतीस राहिल्यात."

"अकरात ज्याला काही झालं नाही, त्याला पुढं काय धाड भरणार आहे? तक्ता संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर दे."

खोट्या ओळी भर, असे ते म्हणाले नाहीत. भरू नकोस, असेही म्हणाले नाहीत. ताई बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग टेबलाशी बसून तिने बारावी ओळ लिहिली, मग तेरावी. सोळाव्या ओळीला तिने पेन बदलले, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखे दिसावे. माझा भाऊ तिच्या कोपराजवळ गार पडला होता. इतक्यात मामा डोकावले.

"झाल्या का गं वाफा?"

"झाल्या, मामा."

"मी म्हणालो नव्हतो? माझं बुश आहे ते!" मामा म्हणाले, आणि खुशीत जिना उतरून गेले.

माझ्या भावाला खणात ठेवले. मी इस्पितळात गेलो.

मित्रांनो, ते दिवस माझ्या वैभवाचे होते. खोटे कशाला सांगू, मी फुशारून गेलो होतो. डॉक्टरबाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतले आणि त्या नुसत्या "अरे!" म्हणाल्या. इतर डॉक्टर मला पाहायला येत. तो बधिर अंगठा पुन्हा जागा झाला. डॉक्टरबाई सहकाऱ्यांना सांगत, "काल घरी गेल्यावर चक्क सुईत दोरा ओवला." कारखान्याच्या माहितीपत्रकावर माझा फोटो छापला गेला, आणि त्याखाली लिहिले होते: चाळीस वाफांच्या कसोटीला उतरलेला. मी ज्यांच्या पोटात जाऊन आलो अशी सतरा माणसे स्वतःच्या पायांनी घरी गेली.

पण दर वाफेला माझ्या बिजागरीत, त्या खिळीच्या आणि बुशाच्या फटीत, पाण्याचा एक कण अडकून राहत होता. तो बाहेरून दिसत नव्हता, पुसून निघत नव्हता. तेराव्या-चौदाव्या वाफेपासून मला तिथे खरखर जाणवू लागली. रोज वाटे, आज कोणाच्या तरी लक्षात येईल. पण माझ्यावर कोणाचा संशयच नव्हता. मी चाळीस वाफांतून पार पडलेला चिमटा होतो ना!

अठरावी रुग्ण म्हणजे टपाल वाटणाऱ्या एक बाई. सगळे त्यांना टपालबाई म्हणत. सायकलवरून रोज सहा गल्ल्या फिरणाऱ्या, बोलक्या, ठणठणीत. अपेंडिक्स काढायचे होते. "आठव्या दिवशी सायकलवर बसाल," असे त्यांना सांगितले होते. त्यांनी आपली रजाही मोजून आठच दिवसांची घेतली होती.

माझे काम सोपे होते. आतड्याचा एक वेढा हळूच धरून बाजूला ठेवायचा. मी तो धरला. डॉक्टरबाईंनी आपले काम उरकले आणि मला सोडवण्यासाठी अंगठा हलवला.

माझा जबडा उघडला नाही.

त्यांनी पुन्हा हलवला. मी सारा जीव एकवटला. पण त्या फटीत गंजाने मला असे जखडले होते, की जणू तिथे कधी बिजागरी नव्हतीच.

"सुटत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मुठीचा खटका काढलात?" शेजारच्या मदतनीस डॉक्टरने विचारले.

"काढलाय. मूठ हलतेय, जबडा हलत नाही."

मला ओढून काढावे तर आतडे फाटणार. तसेच ठेवावे तर माझ्या दाबाखाली ते काळे पडणार. पडद्यावर सगळ्यांना दिसत होते, गुलाबी रंग निळसर होत चालला होता. मी त्या बाईंना धरून होतो आणि मला त्यांना सोडायचे होते. एवढे असहाय मला आयुष्यात कधी वाटले नाही. अखेर डॉक्टरबाईंनी माझी मूठ सोडली.

"पोट उघडावं लागेल."

जी चीर टाळण्यासाठी माझा जन्म झाला होता, ती वीतभर चीर माझ्यामुळेच पडली. दोन पकडींनी माझा जबडा कसाबसा केसभर फाकवून त्यांनी आतडे सोडवले. पकडी काढताच जबडा पुन्हा मिटला. आतड्याचा चेचलेला भाग कापून त्यांना आतडे जोडावे लागले. टपालबाई वाचल्या. पण आठ दिवसांचे अडीच महिने झाले, आणि त्यानंतरही सायकल दूरच राहिली.

मला पारदर्शक पिशवीत घालून तोंडाला मोहोर लावली. चौकशी समितीसमोरच पिशवी उघडायची असे ठरले, आणि तोवर मला कारखान्यात, ताईच्याच खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवले. कपाटाला कुलूप. पिशवीच्या आत मी, काचेच्या आत पिशवी. मला सगळे दिसत होते, ऐकू येत होते. कारण कोठे दडले आहे हे मला नेमके ठाऊक होते. आणि माझे तोंड मिटलेले!

चौकशीचे कागद वेगाने एका बाजूला झुकू लागले. अवजार चाळीस वाफांतून पार पडले आहे. म्हणजे अवजार निर्दोष. म्हणजे दोष हाताचा. डॉक्टरबाईंना ऑपरेशने करायला मनाई झाली. एकदा त्या कसल्याशा सहीसाठी आमच्या खोलीत आल्या. सही झाली तरी त्या गेल्या नाहीत. काचेतून माझ्याकडे पाहत हवेतच अंगठा हलवत राहिल्या.

"मी जास्त दाबलं असेन का गं?" त्यांनी ताईला विचारले. "आता माझा अंगठा दुखत नाही ना. त्यामुळे किती जोर लावते ते मला कळेनासं तर झालं नसेल?"

ताईचे ओठ हलले. मला वाटले, आता बोलेल.

"चौकशीत कळेलच," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ताई नीट जेवलेली मला दिसली नाही. ती डबा उघडी आणि तसाच बंद करी. साहेब येऊन दोनदा सांगून गेले, "तक्ता आहे ना आपल्याकडे? मग घाबरायचं कारण काय?" तो तक्ता पाहिला की तिला तो खिळ्यासारखा रुते. ती त्या चाळीस ओळींच्या आत कोंडली गेली होती. मी कपाटात होतो, ती खुर्चीत. एवढाच काय तो फरक.

मग एका सुटीच्या दिवशी सकाळीच खोलीचे कुलूप उघडल्याचा आवाज झाला. वाफेच्या यंत्राला एव्हाना नवे रबर बसले होते. ताईने खणातून माझ्या जुळ्या भावाला काढले आणि यंत्रात ठेवले. बारावी वाफ. तिने त्याचा जबडा शंभर वेळा उघडला, मिटला. तेरावी. त्यानंतरच्या प्रत्येक सुटीला ती अशीच एकटी येई. प्रत्येक वाफेनंतर ती डोळे मिटून मूठ दाबून पाही, आणि जबडा उघडला की तिचा जीव भांड्यात पडे. बिचारीला अजूनही आशा होती की भाऊ चाळिसापर्यंत जाईल, आणि मग त्या खोट्या ओळी मागाहून का होईना खऱ्या ठरतील.

एकोणिसाव्या वाफेनंतर भाऊ उघडला नाही.

तिने दाबला, झटकला, दोन्ही हातांनी ओढला. मग तो टेबलावर ठेवून ती नुसती पाहत बसली. तेवढ्यात दारात मामा दिसले. त्यांच्या हातात त्यांचे भिंग होते.

"तू इथं?" दोघेही एकदमच म्हणाले.

मामा खुर्चीत बसले. गेल्या महिनाभरात ते एकाएकी म्हातारे दिसू लागले होते. "मी दर सुटीला ते जुनं बुशाचं पितळी माप तपासायला येतो खाली," ते म्हणाले. "माझ्याच हातून कुठंतरी वाकडं गेलं असणार. चाळीस वाफा तर झालेल्या. म्हणजे परीक्षेतल्या जुळ्याचं बुश बरोबर बसलं, आणि पोटात गेलं ते माझं बिघडलेलं. झोप लागत नाही गं."

ताईने भावाला त्यांच्यापुढे सरकवले. मामांनी त्याची मूठ दाबून पाहिली. ठिपके पाहिले.

"हा तर परीक्षेचा."

"आज एकोणिसावी वाफ दिली त्याला," ताई म्हणाली.

"एकोणिसावी? तक्ता तर चाळीस सांगतो."

"तक्ता मी भरला, मामा. वाफा अकराच झाल्या होत्या."

मामांनी भिंग खिशात ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा ठेवले. मला वाटले ते ओरडतील. त्यांनी एवढेच विचारले, "आणि मी विचारलं तेव्हा 'झाल्या' म्हणालीस?"

ताई रडू लागली. मामांनी तिला जवळ घेतले नाही, आणि ते उठूनही गेले नाहीत. ती शांत होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले. मग म्हणाले, "मला आज रात्री झोप लागेल. त्या डॉक्टरबाईंना कधी लागायची?"

चौकशीची बैठक इस्पितळातल्या एका लांबट खोलीत झाली. माझी पिशवी टेबलाच्या मध्यभागी ठेवली होती. एका बाजूला समितीचे तीन डॉक्टर, समोर साहेब, डॉक्टरबाई आणि ताई. भिंतीलगत आपल्या सख्ख्या भावाचा हात धरून टपालबाई बसल्या होत्या. बसताना-उठताना त्या अजून पोटाला हात लावत. साहेबांनी लिहून आणलेले वाचायला सुरुवात केली. "सदर अवजार चाळीस वेळा..."

"अकरा," ताई म्हणाली.

साहेब थांबले. तिच्याकडे न पाहता त्यांनी पुढचे वाक्य सुरू केले.

"अकरा वेळा," ताई उभी राहिली.  "पुढच्या एकोणतीस ओळी मी बसून भरल्या. राहिलेल्या वाफा मी आता द्यायला घेतल्या. याचा जुळा एकोणिसाव्या वाफेला असाच जाम झाला. तो मी आणलाय. डॉक्टरबाईंच्या हाताची काही चूक नाही."

 साहेब म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं."  पण मी त्या दिवशी तिच्या शेजारच्या ट्रेमध्येच होतो, मित्रांनो, म्हणून तुम्हाला सांगतो: त्यांनी विचारले नव्हते, कारण त्यांना ठाऊक करून घ्यायचे नव्हते.

मग डॉक्टरबाई ताईकडे वळल्या. "तीन महिने मी माझ्या हाताकडे चोराकडे पाहावं तशी पाहत होते. भाजी चिरतानाही भीती वाटायची. काचेपाशी उभी राहून मी तुला विचारलं होतं."

"हो," ताई म्हणाली.

"तेव्हा बोलली असतीस तर?"

 उत्तर दिले ते टपालबाईंनी, आणि ते उत्तर नव्हते, गाऱ्हाणे होते. "मी चोवीस वर्षं टपाल वाटलं," त्या म्हणाल्या. "पाऊस असो, ऊन असो, पत्र पोचल्याशिवाय पोचल्याची सही घेतली नाही कधी. तुम्ही न पोचलेल्या एकोणतीस पत्रांवर सही केलीत, ताई. आणि ती सगळी माझ्या पोटात निघाली."

ताईने खाली वाकून त्यांची क्षमा मागितली. टपालबाईंनी मान फिरवली. त्यांनी त्या दिवशी क्षमा केली नाही. पुढे केली की नाही, ते मला माहीत नाही.

त्याच दुपारी माझी मोहोर तोडली. मूठ कितीही दाबली तरी माझा जबडा उघडेना, म्हणून समितीने मला लांबीच्या रेषेत उभे कापायचे ठरवले. कापायला मामांनाच बोलावले. त्यांनी बिजागरी उभी चिरली आणि दोन भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. डॉक्टरबाई सगळ्यांत आधी वाकल्या. खिळीभोवती गंजाचे तपकिरी कडे होते. त्या पाहतच राहिल्या. मग सरळ होऊन त्यांनी उजव्या हाताची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांना ऑपरेशनची परवानगी परत मिळाली.

ताईची नोकरी गेली. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर, असे ऐकले. टपालबाई आता टपालखान्यात बसून पत्रांची विभागणी करतात. सायकल त्यांनी विकून टाकली.

दीड वर्षाने डॉक्टरबाईंनी इस्पितळाच्या तळमजल्यावर नव्या अवजारांची एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली, आणि ताईला बोलावले. मला तिथेच एका ट्रेमध्ये ठेवले आहे, म्हणून ते बोलणे मी ऐकले. "माझा राग गेलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण वाफ कुठं अडते हे तुझ्याइतकं आता कोणालाच कळणार नाही. काम कर. सही मात्र तुझी चालणार नाही." ताईने मान डोलावली आणि त्याच दिवशी काम सुरू केले. नव्या चिमट्याला बुश नाही. त्याचा जबडा मुठीपासून सुटा होतो, धुता येतो, आणि आत अडकलाच तर बाहेरून एक खीळ ओढताच सैल पडतो. तो आता वाफेच्या परीक्षेत आहे. काल पंचविसावी झाली. मध्येच दोन दिवस वीज गेली होती. त्या दोन तारखांपुढे ताईने काहीही लिहिलेले नाही.

शिकाऊ डॉक्टर येतात, मला हातात घेतात, माझ्या चिरलेल्या बिजागरीतून बोट फिरवतात. काहींना मी बिघडलेला चिमटा वाटतो. त्यांना सांगावेसे वाटते, मुलांनो, बिघडायचे होतेच मला. परीक्षा असते ती आम्ही माणसाच्या पोटात न बिघडता यंत्रात बिघडावे म्हणून. तो हक्क माझ्याकडून काढून घेतला गेला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना वाचा नसते. आमच्याबद्दल तुम्ही कागदावर जे लिहाल, तेच आमचे बोलणे ठरते, आणि एखादा परका माणूस त्यावर विसंबून आपले पोट आमच्या हवाली करतो. म्हणून आम्ही जे भोगले नाही, ते आमच्या नावावर लिहू नका. उद्या तुमच्यापुढेही एखादा तक्ता येईल, घाई असेल, कोणी साहेब दारात उभे असतील. तेव्हा ती ओळ रिकामी ठेवा. रिकाम्या ओळीने आजवर कोणाला जखम झालेली नाही.